शोभाकाकूंचा फ्रेंच नकार

बातमी आली तेव्हा मी शाहूपुरीतल्या झेरॉक्सच्या दुकानात उभी होते. संध्याकाळच्या वर्गासाठी सराव प्रश्नपत्रिकेच्या प्रती काढायच्या होत्या. फोन भारतीचा, शोभाकाकूंच्या शेजारणीचा. ही बाई एरवी इतक्या मोठ्यानं बोलते की फोन कानापासून लांब धरावा लागतो. त्या दिवशी मात्र तिचा आवाजच ऐकू येईना. "मॅडम, काकू गेल्या वो... सकाळी छातीत दुखाय लागलंय म्हणाल्या. रिक्षात घालून दवाखान्यात न्हेलं, पण न्हाय थांबल्या..." मी प्रती तिथंच विसरून रस्त्यावर आले आणि बराच वेळ कुठल्या बाजूला जायचं तेच सुचेना.

कोल्हापुरात फ्रेंच शिकवते म्हटलं की लोक आधी माझ्याकडे आणि मग एकमेकांकडे बघतात. माझ्याकडे येतात ती बहुतेक परदेशी जायला निघालेली पोरं. घाईतली, परीक्षेपुरतं शिकणारी. त्यांच्यात एक दिवस काठापदराची साडी नेसलेल्या, साठी ओलांडलेल्या शोभाकाकू पहिल्या बाकावर येऊन बसल्या. शिरोळकडच्या जैन शेतकरी घरातल्या, प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. यजमान लवकर गेले, मुलगा एकटीनं वाढवला. तो संदेश आता फ्रान्समध्ये लियोंला स्थायिक झाला होता आणि त्याची बायको क्लेअर तिथलीच. फ्रेंच कशासाठी शिकायचंय असं विचारल्यावर काकू म्हणाल्या, "सुनंसंगं बोलायचं म्हणजे दर वक्ताला पोराला मधी घ्यावं लागतंय. सासू-सुनंच्या मधी पोरगा कशाला?" अख्खा वर्ग हसला. इथल्या बायकांच्या रीतीप्रमाणे त्या स्वतःबद्दल "मी येतो, मी करतो" असंच बोलायच्या, आणि पोरं त्यांच्यावर जाम खूश असायची.

पुढे मध्यम पातळीच्या परीक्षेचा विषय निघाला तो संदेशमुळे. आईनं आता एकटं राहू नये, कायमचं तिकडे यावं, आणि त्यासाठी भाषेचं प्रमाणपत्र हाताशी असलेलं बरं, असं त्याचं म्हणणं. काकूंनी मान डोलावली. ऐकणं, वाचणं, बोलणं त्यांनी मनावर घेऊन तयार केलं. लेखनात दिलेल्या विषयावर आपलं मत, आपल्या भावना आणि कारणं दीड-दोनशे शब्दांत मांडायची असतात. मत म्हणाल तर काकूंकडे पोत्यानं होतं. शाळेत मोबाइल असावा का, यावर त्यांनी असं काही झोडपून लिहिलं होतं की परीक्षकानं स्वतःचा फोन लपवला असता.

घोडं अडलं ते एकाच विषयावर. एक मित्र तुम्हाला त्याच्या गावी राहायला बोलावतो आहे, तुम्हाला जायचं नाही; त्याला कारणं देऊन तसं कळवा. काकूंनी पत्र लिहिलं आणि त्यात आमंत्रण आनंदानं स्वीकारलं. मी लाल पेनानं खूण करून परत दिलं. दुसऱ्या वेळी त्यांनी सुरुवातीला नकार दिला आणि शेवटी "दिवाळीनंतर मात्र नक्की येते" असं लिहिलं. तिसऱ्या वेळी तर येताना लोणचं आणू का, अशी चौकशीही केली होती. मी चिडले. काकू, विषय नीट वाचा, इथे नकारालाच मार्क आहेत, म्हणाले.

"अवो मॅडम, माणूस एवढ्या पिरमानं बोलवतंय आणि त्येला तोंडावर न्हाय म्हणायचं? आवतण आलं की 'येतो की' म्हणायचं. जायचं का न्हाय ते मागनं बघता येतंय."

यावर मी काय बोलणार? मीही इथलीच. आमच्याकडे "येतो की" म्हणणाऱ्यांतले खरे किती येणार, हे यजमानीण चेहरे बघून ताडते आणि तेवढाच भात टाकते. पण फ्रान्समधल्या परीक्षकाला ही विद्या कुठून असणार?

हिवाळ्यातल्या एका दुपारी वर्ग सुटल्यावर काकू मागे थांबल्या आणि त्यांनी तोच विषय पुन्हा लिहून माझ्या हातात दिला. साधी, छोटी वाक्यं. तुझं घर मोठं आहे आणि तुझं मनही मोठं आहे. पण तिथे दिवसभर मी तुझी वाट बघत बसेन. इथे माझी वाट बघणारी माणसं आहेत. समोरची बाई माझी खिडकी उघडली नाही तर हाक मारते. म्हणून मी येणार नाही, आणि तू रागावू नकोस... वाचता वाचता माझं लाल पेन खाली राहिलं.

"काकू, हे परीक्षेचं आहे की संदेशचं?"

"परीक्षेचंच की वो," म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. मग पदरानं चष्मा पुसत हळूच म्हणाल्या, "मराठीत जीभ उचलत न्हाय मॅडम. पोराचा आवाज आयकला की 'येतो' असंच तोंडातनं जातंय. ह्या भाषेत म्हटलं की जरा धीर येतोय."

पुण्याला जाऊन त्यांनी परीक्षा दिली आणि पास झाल्या, लेखनात सगळ्यांत जास्त मार्क मिळवून. त्यानंतरच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर त्यांनी क्लेअरला समोर बसवून, संदेशच्या देखत, फ्रेंचमधून सांगून टाकलं की मी येणार नाही. मला सांगताना त्या लहान मुलीसारख्या हरखल्या होत्या. मलाही फार बरं वाटलं होतं. आणि त्यानंतर उन्हाळाही सरला नाही तोवर भारतीचा फोन आला.

बातमी कळून आलेला संदेश फ्रान्सला परत जाण्याआधी मला भेटायला वर्गावर आला. त्या पहिल्या बाकावर बसला. ती जागा कोणाची हे त्याला माहीत नव्हतं.

"आईला नाही म्हणायला तुम्ही शिकवलंत?"

"हो," मी म्हणाले.

"तिकडे असती तर कदाचित वाचली असती."

मला रडू आवरलं नाही, आणि त्यालाही. मग डोळे पुसून तो बोलायला लागला. "आम्ही घर घेतलं तेव्हापासून एक खोली आईसाठी ठेवलीय मॅडम. मी दर वर्षी बोलवायचो, ती 'येतो की' म्हणायची, आणि मी दर वर्षी खोली आवरून ठेवायचो. दक्षिणेची खिडकी आहे, आईला उन्हात बसायला आवडतं म्हणून. मला वाटायचं, काहीतरी अडचण येते, पुढच्या वर्षी नक्की येईल. मी तिचा मुलगा, मला कळायला नको होतं?... ती फ्रेंचमध्ये बोलली तेव्हा कळलं, की तिला कधीच यायचं नव्हतं."

तो गेला. गेल्या आठवड्यात क्लेअरचा निरोप आला. शोभाकाकू तिच्याशी थेट बोलायला लागल्या तेव्हापासून दोघींचं चांगलं जमलं होतं. संदेश रोज कामावरून आला की त्या खोलीत जाऊन बसतो, असं तिनं लिहिलं आहे. ती खोली दुसऱ्या कशाला वापरू या, असं तिनं एकदा सुचवून पाहिलं, तर त्यानं नुसती नकारार्थी मान हलवली. घरात दोघंही तिला अजून आईची खोली म्हणतात. शोभाकाकूंनी त्या खोलीत कधी पाऊल ठेवलं नाही.