फौजदारकाका आणि डॅनीची पुडी

फौजदारकाकांना कुणी ‘गुड मॉर्निंग’ केलं, तरी ते आधी त्या माणसाला नखशिखांत न्याहाळत आणि मगच उत्तर देत. सारी नोकरी सोलापूरकडे पोलिसात गेलेली. काकू गेल्यावर ते अमेरिकेत नेपरव्हिलला सुनीताकडे, म्हणजे त्यांच्या मुलीकडे, राहायला आले. आमची घरं शेजारी शेजारी. सुनीता ऑफिसला गेली की काका माझ्याकडे चहाला येत, कारण मी घरून काम करायचे.

इंग्रजी त्यांना कामापुरतं यायचं. “नो पार्किंग”, “मूव्ह ऑन”, “व्हॉट इज युवर नेम?” एवढ्यावर ते निर्धास्त फिरत. समोरच्या घरातला डॅनी दोन्ही घरांपुढचा बर्फ काढून द्यायचा. त्यालाही पहिल्या दिवशी हाच प्रश्न विचारला गेला. तेव्हापासून डॅनी त्यांना ‘चीफ’ म्हणू लागला आणि काकांनी ते पद बिनतक्रार स्वीकारलं.

एकदा बर्फ काढून झाल्यावर मी डॅनीलाही चहाला बोलावलं. काका मला म्हणाले, “विचार याला, एवढा धडधाकट गडी, नोकरी का करत नाही?”

डॅनी हसला, मग सांगू लागला. त्याला अँब्युलन्सवर काम करायचं होतं. पण एकोणिसाव्या वर्षी त्याच्या गाडीत गांजाची पुडी सापडली होती. शिक्षा किरकोळच झाली, पण रेकॉर्डवर नाव राहिलं आणि प्रत्येक नोकरीच्या वेळी ते वर येत होतं.

“केवढी पुडी?” काकांनी थेट विचारलं. डॅनीनं अंगठा पुढे करून ‘एवढीशी’ असं दाखवलं. काकांनी कप खाली ठेवला. “एवढ्यासाठी? अजून?”

त्याच सुमारास राज्यात नवीन कायद्याची चर्चा चालली होती. थोड्याशा गांजासाठी गुन्हा धरायचा नाही आणि जुनी रेकॉर्ड्‌ससुद्धा पुसायची. आमच्या भागाच्या आमदारबाईंनी लोकांचं म्हणणं ऐकायला लायब्ररीत सभा ठेवली. काका कोट घालून तयार! “तू ट्रान्सलेट कर,” मला हुकूम झाला.

सभेत आपलीही बरीच मंडळी होती. “उद्या आपली मुलं बिघडली तर?” असं एक काकू कळवळून म्हणाल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग काका उठले.

“बाई खरं बोलतायत. नशा वाईटच. गांजानं वाया गेलेली माणसं मी पाहिलीयत. पण पुडीसाठी आत टाकलेली पोरंही पाहिलीयत. आत गेली तेव्हा खुळी होती, बाहेर आली ती चोर होऊन. गांजानं बिघडवलं नाही, तेवढं त्यांना आम्ही बिघडवलं.”

मी भाषांतर करताना जरा कचरले आणि ‘आम्ही’च्या जागी ‘पोलिसांनी’ म्हणाले. काकांनी मला तिथल्या तिथे थांबवलं. “पोलीस नाही. ‘वी’ म्हण. वी!”

मी ‘वी’ म्हटलं. मागच्या रांगेत डॅनी खाली मान घालून बसला होता.

पुढे कायदा झाला. “माझ्यामुळे नाही हां,” असं काका ज्याला त्याला सांगत. पण डॅनीच्या अर्जाच्या दिवशी कोर्टात ते माझ्याशेजारी ताठ बसले होते. जज्जनं कागद चाळले, दोन प्रश्न विचारले आणि रेकॉर्ड पुसायचा हुकूम दिला. बाहेर येऊन काका बराच वेळ चष्मा पुसत राहिले. गांजाचा वास मात्र त्यांना कधीच सोसला नाही. रेल्वे स्टेशनवर कुठे दरवळ आला की नाकाला रुमाल लावून “मूव्ह ऑन! मूव्ह ऑन!” सुरू व्हायचं.

दुसऱ्या वर्षी डॅनी अँब्युलन्सवर लागला. त्याच उन्हाळ्यात काका कायमचे सोलापूरला परत निघाले. “इथं सगळं छान आहे गं, पण भांडायला कुणी नाही,” असं त्यांचं कारण.

निघायच्या दिवशी डॅनी ड्युटीवरून तडक आला, युनिफॉर्ममध्येच. काकांनी त्याची कॉलर नीट केली, त्याचे दोन्ही हात धरले आणि अस्सल सोलापुरी मराठीत त्याला दम भरला. वेळेवर जेवत जा, गाडी जपून चालव, आईला उलटून बोलू नकोस, आता लग्नाचं बघ. मी भाषांतरासाठी तोंड उघडलं, तेवढ्यात डॅनीनं मान हलवली.

“डोन्ट,” तो म्हणाला. “आय गॉट ऑल ऑफ इट.”