मोमो राजाचा हुकूम

नव्वदच्या दशकात ओमानमधल्या रुसैलच्या आमच्या कामगार कॅम्पात मेसवाला प्रत्येकाला कोंबडीचा एकच तुकडा वाढायचा. जास्त मागितला की माझ्यावर डाफरायचा आणि मीही त्याच्यावर.

कार्निव्हलच्या मंगळवारी कॅम्पातल्या ख्रिस्ती गोवेकरांनी आपल्यातल्या एका वेल्डरला पत्र्याचा मुकुट घालून मोमो राजा केलं. त्यांचा चाळीस दिवसांचा उपवास बुधवारी लागतो, म्हणून त्याआधी घरातलं मांस संपवायचं. कार्निव्हलचं मूळच ते. तोवर राज्य मोमोचं, आणि त्याचा हुकूम सगळ्यांनी मानायचा.

अंगभर पीठ उधळलेला राजा मेसमध्ये शिरला. मेसवाल्याला म्हणाला, "उद्यापासून आम्ही कोंबडीला शिवणार नाही. आमचा चाळीस दिवसांचा वाटा आजच काढ."

पुढची कटकट मिटली म्हणून मेसवाला खूश झाला. "यल्ला, खलास! चला, मिटलं," म्हणत त्याने अख्खा फ्रीजर रिकामा केला. राजाने आम्हा कोकणातल्यांनाही पंगतीला बसवलं. ओमानमध्ये मी तसा पोटभर पहिल्यांदाच जेवलो.

बुधवारी गोवेकरांनी कपाळाला राख लावून मुकाट्याने डाळभात खाल्ला. मेसवाल्याने तीच डाळ माझ्या ताटात ओतली.

"उपवास त्यांचा आहे," मी म्हणालो. "आमची कोंबडी कुठाय?"

त्याने रिकाम्या फ्रीजरकडे पाहिलं आणि गाडीची किल्ली उचलली.