शेळीनं नाकारलेला गवती चहा

परवा लातुरात कुणीतरी चहात गवती चहाची पात चुरगाळून टाकली आणि मला एकदम कंधारकडची ती शेळी आठवली.

तेव्हा मी नवा कृषी सहायक होतो. डिग्री ताजी होती, अक्कल यायची होती. पाऊस नव्हता. सुशीलामावशींनी तेल काढायला लावलेला गवती चहा निम्म्यावरच खुरटून पिवळा पडला होता. मी बांधावरूनच टोपी सावरत निकाल दिला, "मावशी, हे पीक गेलं. उपटा आणि शेळीला टाका."

मावशींचा चेहरा उतरला. वर्षभर एकट्याच राबल्या होत्या. त्यांनी विळ्यानं मूठभर गवत कापून शेळीपुढं धरलं. शेळीनं हुंगलं, शिंकली आणि तोंड फिरवलं.

मावशी थबकल्या. मग एक पात चुरगाळून त्यांनी माझ्या नाकाशी धरली. त्या उग्र वासानं माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

"दरसाल खाती की ही! औंदा वास लई हाय, म्हंजी तेल हाय. शेळीला कळालं साहेब, तुम्हाला न्हाई?"

पीक उपटण्यापासून वाचलं. पाण्याचा ताण पडला की पाला घटतो, पण त्यातलं तेल दाटतं, असं मी अहवालात ठोकून दिलं, 'प्रत्यक्ष निरीक्षणावरून'. निरीक्षण शेळीचं होतं, एवढंच लिहायचं राहिलं.