फोन नको, नुसतं नेट द्या

"नुसतं नेट मिळत नाही का हो?" हा प्रश्न मी त्या दिवसांत इतक्या वेळा विचारला की शेवटी शेवटी मला माझाच आवाज नकोसा झाला.

नुसतं नेट. फोन नको. घरात मोबाईल आहेत, एक जुना फोनही आहे, तेवढे बस झाले. वायरीतून इंटरनेट यावं आणि त्याच्या मागून लँडलाइनचं भाडं येऊ नये, एवढंच माझं मागणं होतं. पण आपल्याकडे साध्या मागण्याच अवघड असतात. मोठं काहीतरी मागा, लगेच खुर्ची देतात.

कोपरखैरण्यात माथाडी वसाहतीत आमच्या दोन खोल्या आहेत. वडील मार्केटात माथाडी होते. पाठीवर पोती वाहून त्यांनी ते घर केलं आणि त्याच घरात गेले. आता मी आणि आई. मी न्हावा शेवा बंदरात आलेले कंटेनर सोडवून देणाऱ्या एका एजंटच्या ऑफिसात कागदपत्रं करते. लग्न केलं नाही. का, ते विचारायचे लोक आता थकले, मीही थकले.

तर आई पडली. फोन वाजला म्हणून उठून धावली, फरशीवर पाय सरकला, खुबा मोडला. ऑपरेशन झालं, वॉकर आला. सुट्ट्या संपल्या. साहेब तसा माणूस बरा. म्हणाला, "घरी चांगली लाइन असेल तर घरून करा काम, माझी ना नाही. पण कनेक्शन मधे तुटलं आणि माझा कंटेनर अडकला तर मला चालणार नाही." मोबाईलवर करून पाहिलं. आमच्या बिल्डिंगी एकमेकींच्या इतक्या अंगावर आहेत की रेंज फक्त मोरीच्या खिडकीत येते. तिथे उभं राहून मी दोन दिवस काम केलं. तिसऱ्या दिवशी अर्धा अर्ज भरून साइट जी अडकली ती अडकलीच, आणि साहेबानं मला जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

म्हणजे हिशेब साधा होता. नेट आलं तर मी आईजवळ. नाही आलं तर आई दिवसभर एकटी, उशाशी थर्मास, शेजारी डबा, आणि दाराला मी बाहेरून लावलेलं कुलूप. रोज सकाळी ते कुलूप लावताना मला स्वतःची लाज वाटायची.

कुणी म्हणेल, शेजारी नाहीत का? आहेत ना. समोरच काकी राहतात. दाराला दार इतकं लागून की आमची भाजी जळली तर त्यांना ठसका लागतो. लहानपणी मी त्यांच्याच मांडीवर झोपायचे. पण बरीच वर्षं झाली, त्यांनी आमचा उंबरा ओलांडला नव्हता. जिन्यात दिसल्या तर हसायच्या, मला "जेवलीस का" विचारायच्या, पण घरात नाही. दुपारी दार उघडं टाकून बसलेल्या असल्या, तरी थोड्या वेळानं दार लावून घ्यायच्या. मला वाटायचं, नळाच्या पाण्यावरून काहीतरी झालं असणार. वसाहतीत निम्मी भांडणं पाण्याचीच. आईला विचारलं तर म्हणायची, "न्हाई गं, कशाचं भांडण."

आता तो फोन. लाल रंगाचा, वर आईनं विणलेला पांढरा रुमाल. मजल्यावर पहिला फोन वडिलांनी घेतला, तेव्हा पेढे वाटले होते. ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी सांगते: तेव्हा स्वतःकडे फोन नसला तरी लोक नंबर द्यायचे, शेजाऱ्याचा, आणि पुढे लिहायचे पी.पी. आमचा नंबर आख्ख्या जिन्याचा पी.पी. नंबर होता. लग्नपत्रिकांवर आमचा नंबर, गावाकडच्या डायऱ्यांत आमचा नंबर. फोन आला की आई ओट्यावर हातातलं तसंच टाकून पळायची, "अगं ए, गावचा फोन आलाय!" मग ज्याचा फोन त्यानं चप्पल दाराशी काढून यायचं, आणि आम्ही सगळे न ऐकल्यासारखं करून सगळं ऐकायचो. दसऱ्याला वडील फोनला झेंडूचं फूल वाहायचे.

पुढे मोबाईल आले आणि पी.पी. संपलं. पण आमचा फोन राहिला. वडील गेले तरी राहिला. त्यावर आता फक्त लोन हवं का विचारणाऱ्या मुली यायच्या. आई मात्र पहिली रिंग पुरी व्हायच्या आत उचलायची. पाटावरून, मोरीतून, देवासमोरून, कुठूनही धावायची. मी चिडवायचे, "काय गं, तिकडे कोण बसलंय तुझं?" ती हसायची नाही. मला वाटायचं, वडिलांचा जीव आहे त्यात. म्हणून मी वर्षानुवर्षं भाडं भरत राहिले.

नेटसाठी आधी केबलवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, एरिया आपलाच आहे, टेन्शन नाय." लाइट गेली की त्याचं नेट जायचं आणि लाइट आली तरी यायचं नाही. दुसऱ्या एका कंपनीची मुलगी गोड आवाजात म्हणाली, तुमच्या लाइनमध्ये आमची वायर नाही. राहिली जुनी फोनकंपनी. तिची नवीन काचेची वायर, ते फायबर म्हणतात ती, खाली गेटपर्यंत आली होती.

काउंटरवरचा माणूस माझ्याकडे न बघता म्हणाला, "या पत्त्यावर लँडलाइन चालू आहे."

"हो. ती राहू दे. मला वेगळं नुसतं नेट द्या."

"एका पत्त्यावर दोन होत नाही. एक तर फोन आणि नेट एकत्र घ्या, दोन्हीचं भाडं. नंबर बदलेल. नाहीतर फोन सरेंडर करा, मग नुसतं नेट मिळेल."

"नंबर का बदलेल?"

"सिस्टम आहे."

सिस्टम म्हटलं की आपण गप्प बसायचं, हे मला ऑफिसातल्या इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. पण मी भांडले. फोन वडिलांच्या नावावर, म्हणजे सरेंडरला आईची सही लागणार होती. मी घरी येऊन आईला विचारलं, "आई, हा फोन बंद करायचा का?"

ती भाजी निवडत होती. हात थांबला. वर न बघता म्हणाली, "तुझ्या मनाला येईल तसं कर." आणि तोंड भिंतीकडे केलं.

झालं. म्हटलं, म्हातारीच्या काळजाला हात घातला मी. मग मी आणखी एक शहाणपणा केला. तोच नंबर ठेवून नेट द्या, असा हट्ट धरला. अर्ज दिला, अर्ज हरवला, परत दिला. या टेबलावरून त्या टेबलावर. बेलापूरला जा, वाशीला जा, साहेब जेवायला गेलेत. काउंटरवाला शेवटी कंटाळून म्हणाला, "मॅडम, लोक फोन काढायला रडतात, तुम्ही ठेवायला रडताय." नाकी नऊ आले. आणि रोज सकाळी ते कुलूप होतंच.

एका संध्याकाळी कुलूप उघडून आत आले तर आई जमिनीवर. फोनच्या टेबलाला पाठ टेकून बसलेली, रिसीव्हर मांडीत, वॉकर आडवा. डबा न उघडलेला. साडी ओली झालेली. दुपारपासून ती तशीच होती. मोडलं काही नव्हतं, पण उठता येत नव्हतं, आणि मला नंबर लावायला टेबलावर हात पोचत नव्हता.

मी तिला उठवलं, पुसलं, साडी बदलली. हात चालू होते आणि तोंडही. "हाक मारायची ना! समोर काकी आहेत. किल्ली घेऊन ये म्हणून त्यांनी मला फोन तरी केला असता."

"तिला न्हाई बोलवायचं."

"का नाही? आणि कशाला उठलीस? कुणाचा होता फोन?"

"कुनाचा न्हाई. ते कर्जवाले."

तेव्हा माझं डोकं फिरलं. "उद्या हा फोन बंद! मग रड नाहीतर रुसून बस. मेले तरी चालेल पण फोन पाहिजे, असं आहे का तुझं?" हे मी आईला बोलले. बोलले खरी.

आई म्हणाली, "कर की बंद. म्या कुठं धरून ठिवलाय? तूच धरलायस, बापाची आठवन म्हनून."

"मी?"

"मग कोन? भाडं कोन भरतंय? मला वाटायचं, पोरीचा जीव हाय त्यात, आपन कशाला बोला."

मी खाली बसले. मग फोनसाठी धावायचीस ते काय, असं विचारलं. आई दाराकडे बघून हळूच बोलायला लागली, जणू भिंतीपलीकडे ऐकू जाईल.

काकींचे वडील, त्यांचे दादा, वारले तो फोन आमच्याकडेच आला होता. सकाळची वेळ. गावाकडून त्यांचा भाऊ बोलत होता. आपल्याकडे जातो तसाच निरोप होता: मेलेलं सांगू नका, बाईमाणूस आहे, एवढ्या लांबचा प्रवास, वाटेत काय झालं तर? नुसतं सांगा, दादांना बरं नाही, निघून ये. आई पदरानं हात पुसत समोर गेली आणि म्हणाली, "तुझ्या दादांना जरा बरं न्हाई म्हनं. जाऊन ये." आणि काकींचा चेहरा उतरलेला बघून तिला राहवलं नाही. आपणहून पुढे जोडलं, "काळजीचं न्हाई काय."

त्या जोडलेल्या तीन शब्दांनी घात केला. काळजीचं नाही म्हटल्यावर काकींनी स्वयंपाक केला, पोरांची शाळा सुटेपर्यंत थांबल्या, त्यांना जेवू घातलं आणि संध्याकाळच्या एसटीनं गेल्या. तिकडे माणसं दिवेलागणीपर्यंत त्यांची वाट बघत माती अडवून बसली होती. मग तिरडी उचलली. काकी पहाटे पोचल्या, तेव्हा नुसती राख.

"परत आली, अन् हितं उंबऱ्यात हुबी ऱ्हाऊन म्हनली, 'ताई, खरं सांगितलं असतंस तर मला बापाचं तोंड दिसलं असतं.' भांडली न्हाई गं. भांडली असती तर बरं झालं असतं." आईनं डोळे पुसले. "तवापासनं आपला फोन वाजला की तिचं दार लागतं. अजून लागतं. ती आत जाऊन देवापुढं बसती. म्या बघितलंय. म्हनून म्या धावते. वाजायच्या आत उचलला की तिला कळत न्हाई."

इतकी वर्षं. मी तिला चिडवत होते, कोण बसलंय तिकडे म्हणून. मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. ती माझ्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "उठ, भात लाव. भूक लागलीय."

दुसऱ्या दिवशी तिनं सही केली. सही म्हणजे अंगठा नाही हं, शाळेत गेलेली आहे ती; एकेक अक्षर दाबून काढलं. नुसतं नेट द्या, नंबर गेला खड्ड्यात, असं म्हणून मी अर्ज दिला आणि काय गंमत, आठवडाभरात वायरमन दारात. त्यानं काचेची बारीक वायर आणली, हिरव्या दिव्यांचा डबा बसवला. मग जुनी वायर कापताना म्हणाला, "मावशी, ह्याच्यासोबत फोन फुकट आहे आता. नवीन स्कीम. लावून देऊ?"

मी कपाळावर हात मारला. ज्या भाड्यासाठी मी चपला झिजवल्या ते माफच झालं होतं.

"नको, नको, बाबा!" आई एवढ्या जोरात ओरडली की तो दचकला. "फुकट दिला तरी नको. च्या घे तू."

काकी त्यांच्या दारात उभ्या होत्या. तोडलेली वायर जिन्यात पडली होती, ती बघत होत्या.

"फोन काढला काय?" त्यांनी मला विचारलं, पण उत्तर आतून आईनं दिलं.

"काढला गं."

काकी आत गेल्या. आईनं मला दार लावू दिलं नाही. दोन-तीन दिवस आमचं दार दुपारभर उघडंच होतं, आणि मी आतल्या खोलीत कंटेनरचे कागद भरत होते, डास चावत होते. मग एका दुपारी चपला काढल्याचा आवाज आला. काकी ताटलीत निवडायचे तांदूळ घेऊन आल्या आणि आईच्या पलंगाशी खाली बसल्या. कुणी कुणाची माफी मागितली नाही. आई म्हणाली, "खडे लई हायत." काकी म्हणाल्या, "रेशनचा हाय."

आता त्या रोज येतात. खरं सांगायचं तर मी ऑफिसला गेले तरी चालेल इतक्या येतात. आणि नेट तर छान चालतं.

पण पहिल्याच आठवड्यात एकदा माझा मोबाईल वाजला; नेट आल्यापासून तो आतल्या खोलीतही लागतो. बाहेरच्या खोलीतलं बोलणं एकदम थांबलं. मी वाकून पाहिलं, दोघींचे हात ताटलीत तसेच थांबलेले, दोघी माझ्याकडे बघत होत्या.

तेव्हापासून फोन वाजला की मी पहिल्या रिंगलाच उचलते आणि हॅलो म्हणायच्या आधी बाहेर ऐकू जाईल असं सांगते, "ऑफिसचा आहे गं, ऑफिसचा." कधीकधी तो गावचा असतो. तरी सांगते.