सासूबाई वेव्हर्सवर

मी माझ्या सासूबाई बर्मिंगहॅमच्या मंडळाला देऊन टाकल्या, आणि ते अगदी नियमाला धरून होतं.

दोष अमेरिकन बेसबॉलचा. इंग्लंडातल्या आमच्या कॉव्हेंट्रीत तो मी एकटाच बघत असेन, तोही खेळासाठी नाही, नियमांसाठी. काय नियम आहेत! नवखा खेळाडू क्लबने खालच्या संघात पाठवावा, वाटेल तेव्हा परत बोलवावा. पण जुन्या खेळाडूला खाली पाठवायचं तर आधी बाकीच्या क्लबांना विचारायचं, हा कुणाला हवाय का? याला म्हणतात वेव्हर्स. कुणी हो म्हटलं, की खेळाडू त्यांचा. माणसाला खाली ढकलण्याची इतकी सभ्य रीत पाहून मला भरून यायचं.

त्या वर्षी गणपतीत आमच्या मराठी मंडळाचं स्वयंपाकघर माझ्याकडे होतं. (ते मला कुणी दिलं, हे आजवर कुणी कबूल केलेलं नाही.) मी ठरवलं, मोदकांवर नवी मंडळी घ्यायची आणि सासूबाईंना नारळ खवायला बसवायचं. पण त्या पडल्या जुन्या खेळाडू! म्हणून आसपासच्या मंडळांच्या ग्रुपवर टाकलं, 'मोदक करणाऱ्या आजी. कुणाला हव्यात का?' निव्वळ फॉर्मॅलिटी.

बर्मिंगहॅमचा 'हो' मी वाचेपर्यंत त्यांची गाडी दारात होती.

"आई, तुम्ही नाही म्हणू शकता," मी गडबडून म्हणालो.

"छे हो, नियम म्हणजे नियम," म्हणत सासूबाई बॅग घेऊन गाडीत बसल्या.

चतुर्थीच्या सकाळी आमच्या नव्या संघाचे मोदक वाफेवर फुटले. सगळेच्या सगळे! आरती तोंडावर आलेली आणि नैवेद्याच्या ताटात नुसता गूळखोबऱ्याचा चिखल. मानसीने, म्हणजे माझ्या बायकोने, ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आईला फोन लाव."

"येते की," सासूबाई म्हणाल्या. "इथलं आवरलंय माझं. पण मी आता यांची. बदल्यात तुम्हाला माणूस द्यावा लागेल. ट्रेड म्हणतात ना त्याला?"

मी थक्क झालो. शेंगा निवडता निवडता या बाईंनी माझ्या मॅचेस माझ्यापेक्षा नीट पाहिल्या होत्या.

"मीच येतो," मी बाणेदारपणे म्हणालो.

सासूबाई आल्या, पदर खोचून बसल्या, आणि त्यांच्या बोटांतून उकडीला अशा सुरेख कळ्या पडत गेल्या की मी बघतच राहिलो. या हातांना मी नारळ खवायला बसवणार होतो! आरतीला नैवेद्य तयार होता. मी सरळ त्यांच्या पाया पडलो.

"मग मी बर्मिंगहॅमला कधी निघू?"

"ते नको म्हणाले," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "मग मानसीने तुम्हाला वेव्हर्सवर टाकलं. पार लंडनजवळच्या स्लाऊपर्यंत विचारलं. कुणालाच नकोत तुम्ही."

मानसीने म्हणे सगळ्यांना दोनदा विचारलं होतं.