चुलीवर वाळवलेली काळी पूड

महाडच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्याच्या लॅबमध्ये मी नव्वदीच्या दशकात लागले, तेव्हा माझ्या बोटांवर कायम पिवळे डाग असायचे. अल्कोहोलचं आम्ल करायला आम्ही क्रोमियम वापरायचो. त्याचं ते विषारी सांडपाणी पाहिलं की आमच्या लॅबचे सर तोंड वाकडं करायचे. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, पण हे क्रोमियम घालवल्याशिवाय जायचं नाही, असा त्यांनी हट्टच धरला होता.

क्रोमियमऐवजी त्यांचा भरवसा निकेलवर होता. हिरव्यागार निकेल सल्फेटच्या पाण्यात ते ब्लीच आणि कॉस्टिक सोडा घालत. ढवळता ढवळता ते पाणी काळंकुट्ट व्हायचं. मला ते दर वेळी पाहावंसं वाटे. सर सांगत, "निकेलने स्वतःच्या ऐपतीपेक्षा जास्त ऑक्सिजन धरलाय. फार दिवस धरवत नाही त्याला. अल्कोहोलला देऊन मोकळं व्हायची घाई असते." खाली बसलेली काळी पूड गाळून, धुऊन, ऊब न लावता वाळवायची. ऊब लागली की ऑक्सिजन निघून जातो आणि दिसायला पूड काळीच राहते, हेही त्यांनी सांगितलं होतं. मी मान डोलावली होती.

मॅनेजरसाहेबांनी सरांना एकच संधी दिली. सोमवारी प्रयोग दाखवायचा, जमला तर पद्धत बदलू, नाहीतर विषय बंद. शुक्रवारी पूड गाळली आणि सर घरच्या कार्याला दोन दिवस गेले. आमचा श्रावण म्हणजे भिंतींनाही पाणी सुटतं. शनिवारी दुपारपर्यंत पूड चिखलासारखीच. सरांची संधी ओल्या पुडीपायी जाणार, या धास्तीने मी ती गाळणकागदात गुंडाळली आणि पोलादपूरच्या एसटीत बसले.

आमच्या गावात पावसाळ्यात सगळं चुलीवरच्या मांडणीवर वाळतं. धुणं, मिरच्या, सुकट, बाबांचं घोंगडं. आईने पुडी पाहिली.

"मिश्री हाय का गो?"

"हात लावू नको. विष हाय ते."

"मंग चुलीवर कशाला ठेवतेस?"

बीएस्सी मी होते, आणि अक्कल होती ती आईला. तरी मी पुडी ठेवलीच, सुकटीच्या टोपलीशेजारी. सोमवारी सकाळी ती खडखडीत वाळली होती. मला केवढा अभिमान वाटला!

लॅबमध्ये सरांनी पुडी उघडली, क्षणभर थांबले, मग चष्मा सारखा करून काम सुरू केलं. साहेब शेजारी उभे. तास झाला, दोन झाले. अल्कोहोल होतं तसंच राहिलं. शेवटी सरांनी चिमूटभर पूड आम्ल घातलेल्या आयोडाइडच्या पाण्यात टाकून वर स्टार्च सोडला. पुडीत जीव असता तर ते पाणी निळंशार झालं असतं. काहीच झालं नाही.

मला तेव्हा सगळं कळलं. ऊब, धूर, चूल. तोंड उघडायला हवं होतं, पण उघडलं नाही.

"पद्धतीतच खोट असावी," सर म्हणाले. साहेब निघून गेले. महिन्याभराने माझी नोकरी पक्की झाली. सर निवृत्त झाले तेव्हाही क्रोमियम चालूच होतं.

बऱ्याच वर्षांनी, दुसऱ्या कारखान्यात मी लॅब सांभाळू लागल्यावर, सरांची निकेलची पद्धत तिथे बसवली. चालली. ते सांगायला चवदार तळ्याजवळच्या त्यांच्या घरी गेले. त्यांनी पोरासारखे प्रश्न विचारले, किती वेळ लागतो, किती पूड लागते. मग मला राहवेना. चुलीची सगळी गोष्ट मी सांगून टाकली.

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "आमच्या घरात मासळी येत नाही. पुडी उघडली तशी चुलीच्या धुराबरोबर सुकट नाकात गेली."

"मग बोलला का नाहीत, सर?"

"तुझ्या कन्फर्मेशनचा कागद त्याच साहेबांच्या टेबलावर होता ना."

इतकी वर्षं मी मनात धरून ठेवलेलं सर पहिल्याच दिवसापासून जाणत होते. डोळे भरून आले. त्यांनी चहा माझ्याकडे सरकवला आणि गंभीरपणे विचारलं,

"आता पूड कुठे वाळवतेस?"