रिकाम्या ओळींना नंबर नाही

चेन्नईत मी नोकरीला लागले ती कंपनी सॉफ्टवेअरची होती, पण तिचा खरा जीव कागदावर. प्रोग्रॅम लिहून झाला की तो छापायचा, प्रत्येक ओळीला नंबर घालायचा आणि ज्या ओळीत चूक निघेल तिथे लाल पेनाने खूण करायची. ही शिस्त आमच्या मॅनेजरांची. नंबर घालायला त्यांनी युनिक्समधली एनएल नावाची कमांड नेमून दिली होती. एनएल लिहायचं, पुढे फाइलचं नाव, एंटर दाबायचं, की डावीकडे आकडे हजर. "माणूस चुकेल, एनएल नाही चुकणार," असं ते प्रत्येक नव्या भरतीला सांगत. त्या कमांडचं मॅन्युअल कोणी उघडल्याचं माझ्या तरी पाहण्यात नव्हतं. इतका विश्वास असल्यावर वाचायचं कशाला?

हे मॅनेजर, म्हणजे आमचे सर, तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातले. मी सोलापूरची, म्हणजे त्यांच्या मते मराठीची वाट लावलेल्या मुलखातली. बाकी सगळ्यांशी ते इंग्रजी नाहीतर तमिळ बोलत. मला रागावायचं असलं की मात्र खास मराठी. "काय गं, असं करतात कां? सांग की." आवाज मऊ, हेल तमिळ, त्यामुळे आजूबाजूच्यांना वाटायचं आमच्या घरगुती गप्पा चालल्यात. शेजारच्या टेबलावरची माझी तमिळ मैत्रीण तर म्हणायची, "तुझे किती लाड करतात गं." मी हसून वेळ मारून नेई. बोलणी खाल्ल्याचं चारचौघांत कळत नाही, हेही काही कमी सुख नव्हतं.

माझं प्रोबेशन संपत आलं होतं. पक्की नोकरी की परतीचं तिकीट, ते माझ्या पहिल्या मोठ्या प्रोग्रॅमवर ठरणार होतं. फाइल परदेशातल्या ग्राहकाकडे गेली. तिथल्या तपासनिसाने ती स्क्रीनवर वाचली आणि कुठल्या नंबरच्या ओळीत काय चुकलंय ते मेलने कळवलं. मीटिंगमध्ये सरांनी माझा छापील कागद पुढे घेतला. ग्राहक म्हणतो इथे गणित चुकलंय, तर कागदावर त्या नंबरला नुसता महिरपी कंस. तो म्हणतो इथे तपासणी राहिली, तर तिथे माझीच एक टीप. जसजसं खाली जावं तसतसा घोळ वाढत गेला.

सरांनी चष्मा काढला आणि स्वच्छ इंग्रजीत, सगळ्यांसमोर विचारलं, "फाइल पाठवल्यावर तू तिच्यात बदल केलास? चुका लपवायला?"

एरवी माझ्या हातून पाणी सांडलं तरी मराठीत रागावणाऱ्या माणसाला नेमकं तेव्हाच इंग्रजी आठवलं. मी नाही म्हटलं. त्याचा काही उपयोग झाला नाही. माझं कन्फर्मेशनचं पत्र अडकलं आणि जेवायच्या टेबलावर मी आले की विषय बदलू लागले. मला रडू आलं नाही, संताप आला. तांबरमच्या खोलीवर जाताना ट्रेनमध्येसुद्धा मी तो कागद मांडीवर घेऊन बसायची आणि काही म्हणता काही दिसायचं नाही.

शेवटी एका सकाळी फाइल एडिटरमध्ये उघडली, तिथले नंबर चालू केले आणि कागद स्क्रीनला लावून धरला. वरच्या ओळी जुळल्या. पहिली रिकामी ओळ आली, कागद एकाने मागे पडला. दुसरी आली, दोनाने. कागदावर रिकाम्या ओळींपुढे नंबरच नव्हते. वेगळं सांगितलं नाही तर एनएल रिकाम्या ओळी मोजतच नाही. मॅन्युअलमध्ये तसं स्पष्ट लिहिलंय, वाचणाऱ्यांसाठी. ग्राहकाचा स्क्रीन मात्र सगळ्या ओळी मोजत होता.

बाकीच्यांना हे कधी नडलं नव्हतं, कारण ते दोन भागांच्या मध्ये रिकामी ओळ न सोडता चांदणीच्या खुणांची रांग ठोकत. वाचणाऱ्याच्या डोळ्यांना जरा विसावा म्हणून ओळ मोकळी सोडणारी शहाणी मी एकटीच.

रिकाम्या ओळीही मोजणारी दुसरी कमांड वापरून मी फाइल पुन्हा छापली आणि सरांच्या टेबलावर ठेवली. प्रत्येक शेरा जागच्या जागी बसत होता. चुका होत्या, आणि त्या माझ्याच होत्या. लबाडी तेवढी नव्हती.

सर बराच वेळ कागद चाळत राहिले. "सेरि," ते तमिळमध्ये म्हणाले, म्हणजे ठीक आहे. मग खुर्ची जवळ ओढून, अगदी हळू, मराठीत, "अमचं चुकलं गं. मनाला लावून घेऊ नको."

"सर, हे मीटिंगमध्ये सांगाल का? इंग्रजीत?"

"सांगतो की."

सोमवारी त्यांनी सांगितलं. कामाच्या पद्धतीत सुधारणा म्हणून यापुढे दुसरी कमांड वापरायची आणि खबरदारी म्हणून कोणीही रिकामी ओळ सोडायची नाही. माझा उल्लेख आला नाही. त्याच आठवड्यात माझं पत्र मात्र आलं.

पुढे काही वर्षांनी कुणाच्या तरी लग्नात ती शेजारच्या टेबलावरची मैत्रीण भेटली. जुन्या गोष्टी निघाल्या. मी तिला एनएल, रिकाम्या ओळी, सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि प्रेमाने माझा हात दाबला.

"जाऊ दे गं, आता काय त्याचं. सरांनी त्या दिवशी तुला जवळ बसवून किती मायेनं समजावलं, मी बघत होते. त्यांच्यातलीच म्हणून सांभाळून घेतलं."